पश्चिमेचं दार

आयोना प्रुइट कुणासाठीही दार धरून ठेवत नसे. रोज सकाळी ती पार्किंगमधून इमारतीच्या पश्चिमेच्या दाराशी येई, गळ्यातला पास भिंतीवरच्या यंत्राला दाखवी, हिरवा दिवा लागला की आत जाई आणि तिथेच थांबून दार मागे पुरतं बंद होण्याची वाट पाही. कुलूप खटकन बसलं की हँडल एकदा ओढून बघे. मागून कुणी दोन्ही हातांत सामान घेऊन येत असलं, बाहेर बर्फ पडत असलं, तरी यात फरक नसे. मग ती जिना चढायला लागे.

हार्लन बेंड गावात असं कुणी करत नाही. तिथला माणूस दारातून शिरताना आधी मागे वळून बघतो. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला कुणी दिसलं तरी दार धरून उभा राहतो. मग त्या लांबच्या माणसाला बिचाऱ्याला पळत यावं लागतं, आणि आत आल्यावर दोघंही एकमेकांची माफी मागतात. मिशिगनच्या त्या भागात मुलांना चमचा धरायला शिकवतात त्याच वयात दार धरायलाही शिकवतात. म्हणून आयोनाबद्दल बोललं जाई. "तिच्या मागोमाग जाऊ नकोस, नाक चेपून घेशील," असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

तिला कारण होतं. ती लष्कराच्या खर्चाची ऑडिटर होती, आणि नोकरीच्या सुरुवातीला तिला एका दूरच्या गोदामातल्या चोरीचा तपास करायला पाठवलं होतं. चोर रोज केकचं खोकं घेऊन येई. त्याच्याकडे पास नव्हता, पण दोन्ही हातांत केक असलेल्या माणसाच्या तोंडावर दार कोण लावणार? जाताना त्याच खोक्यात अंधारात बघायच्या दुर्बिणी असत. आयोनाने अहवालात लिहिलं, की या गोदामाला कुलपापेक्षा थोड्या उद्धटपणाची गरज आहे. साहेबांनी ते वाक्य खोडलं. तिने ते स्वतःपुरतं ठेवलं.

लग्न तिने केलं नव्हतं. धाकटी बहीण नदीन फ्लोरिडात होती, दर रविवारी फोन करी. "अगं, त्या थंडीत काय पुरून ठेवलंयस? ये इकडे," असं दर वेळी म्हणे. डॉक्टरही हृदयाच्या नावाने तेच सांगत. आयोना "बघू" म्हणे. तिच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, तिची सही. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण तिने न पाहिलेलं कधी लिहिलं नाही आणि पाहिलेलं कधी गाळलं नाही. हे ती कुणाला सांगत नसे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही तिला वाटत नसे.

इमारत फार जुनी. आधी ते आरोग्यधाम होतं, श्रीमंत माणसं वाफेच्या आंघोळी करायला आणि कोंडा खायला येत. मग युद्धात तिथे जखमी सैनिकांचं इस्पितळ झालं. हात-पाय गमावलेली पोरं लाकडी पायांवर चालायला तिथेच शिकली, त्यांच्या आधारासाठी लावलेला कठडा अजून सगळ्या कॉरिडॉरच्या भिंतींना आहे. पुढे लष्कराची कचेरी आली, टेबलं आली, संगणक आले. पण आजही कॉरिडॉरमधून जाताना प्रत्येकाचा एक हात आपसूक त्या कठड्यावरून सरकत जातो. का, ते कुणी विचारत नाही.

वॉशिंग्टनहून दर काही वर्षांनी सुधारणेची लाट येते. विभाग एकत्र करा, मजले रिकामे करा, किती वाचलं ते सांगा. सांगायला काही लागत नाही. वाचलं ते खरंच वाचलं का, हे बघायला आयोनासारखी माणसं लागतात. या वेळच्या लाटेत पश्चिम विंगमधला जुन्या भागांचा विभाग गेला. ट्रक, जनित्रं, होड्या बनवणाऱ्या ज्या कंपन्या कधीच बुडाल्या, पण ज्यांची यंत्रं लष्करात अजून चालतात, त्यांचे सुटे भाग कुठून मिळवायचे हे बघणारा तो विभाग. पाच बायका होत्या तिथे. सप्टेंबरअखेर त्यांची पदं रद्द झाली, त्यांचं काम नव्या संगणक प्रणालीकडे गेलं, विंगचं हीटिंग बंद झालं आणि दारावर 'बंद' असा कागद लागला. पाचांपैकी चौघी पॅकेज घेऊन घरी गेल्या. पाचवी, मोझेल टब्ज, विभाग बंद व्हायच्या आठवडाभर आधीच वारली. दमा होता तिला. अंत्यविधीला सगळी कचेरी चर्चमध्ये गेली होती. आयोनाही नंतरच्या जेवणासाठी बटाट्याचं कॅसरोल घेऊन गेली होती.

बचतीचा तो आकडा मोठा होता, आणि त्यावर बरंच टांगलेलं होतं. ओहायोतल्या कचेरीला हार्लन बेंडची कचेरी गिळायची होती. बचत खरी ठरली तर इथलं काम इथेच राहणार होतं. खोटी ठरली तर गावातली सगळ्यात मोठी नोकरी देणारी जागा एक-दोन वर्षांत रिकामी होणार, हे न्हाव्याच्या दुकानातही सगळ्यांना ठाऊक होतं. ती तपासायचं काम आयोनाकडे आलं. मार्चअखेर ती निवृत्त होणार होती, हे शेवटचं.

फेब्रुवारीत, ईस्टरच्या उपवासाच्या दिवसांआधीच्या मंगळवारी, उपसंचालक लाइल व्होस्कँप हातात एक खोकं घेऊन तिच्या खोलीत आला. ही सगळी बचत त्याने घडवून आणली होती. भला थोरला, मऊ माणूस, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायचा.

"घे, पाँच्की. आलुबुखाऱ्याची. तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवली."

"तपासणी चालू असताना मी तुझ्याकडून काही खात नाही, लाइल."

"अगं, डोनट आहे तो. लाच नाही."

"आज डोनट आहे."

लाइल हसला आणि स्वतःच खायला लागला. "हीटिंगचे मीटर बघितलेस? पगार बघितलेस?"

"बघितले. बचत खरी दिसते."

"दिसते," लाइल म्हणाला. बोटावरची साखर चाटत तो तिच्याकडे बघत राहिला. "इतक्या वर्षांत एकदा तरी नुसतं 'आहे' म्हणालीस का गं तू?"

तिला एक गोष्ट खटकत होती, आणि ती खटकण्यासारखी गोष्ट नव्हती. काम फार चांगलं होत होतं. नव्या प्रणालीने जे झेपेल ते केलंच, पण जे तिला झेपणार नाही असं बनवणाऱ्यांनीच मान्य केलं होतं, त्या विचित्र, अर्धवट, चुकीच्या क्रमांकांच्या मागण्याही निकाली निघत होत्या. लवकर, नीट. आयोनाने बचतीच्या अनेक तपासण्या केल्या होत्या. पैसा वाचला की काम थोडं तरी लंगडतं. इथे लंगडत नव्हतं.

म्हणून तिने अलास्काला फोन लावला. तिथल्या एका तळावर सार्जंट केकोआ जनित्रं सांभाळायचा. त्याची अशीच एक अडलेली मागणी गेल्या आठवड्यात सुटली होती.

"हो मॅडम, मिळालं वॉशर," तो म्हणाला. "तुमच्या त्या बाईंनी एका ट्रॅक्टरवाल्याकडून बनवून घेतलं. देवमाणूस आहे."

"कोण बाई?"

"मोझेल. नेहमीच्याच की. गुरुवारी फोन आला होता. बायकोचं ऑपरेशन कसं झालं विचारत होत्या. खोकला मात्र वाढलाय हां त्यांचा. जरा सुट्टी द्या त्यांना."

आयोनाने त्याचे आभार मानले आणि फोन हळूच खाली ठेवला, कुणी झोपलेलं असावं तसा.

तिने स्वतःला समजावलं. कुणीतरी मोझेलचं नाव वापरतंय. नाव वापरणं हा गुन्हा आहे, पण भीती वाटण्यासारखं त्यात काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, खिडक्यांतून बर्फावरचा उजेड आत येत असताना, ती पश्चिम विंगकडे गेली. 'बंद'चा कागद होता. साखळी नव्हती, आगीच्या नियमामुळे घालता येत नाही. तिने दार ढकललं.

आत श्वासाची वाफ दिसत होती. कॉरिडॉर लांब आणि रिकामा. तिचा हात कठड्यावर गेला. लाकूड बर्फासारखं होतं. ती चालत राहिली. अर्ध्यावर आल्यावर कठडा कोमट लागला. तिने हात उचलला, मागच्या बाजूला ठेवून पाहिला. तिथे गार होता. पुढे कोमट. जणू तिच्या थोडं पुढे कुणीतरी हात सरकवत नुकतंच गेलं होतं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं.

टोकाच्या खोलीतून बायकांचं हसू ऐकू आलं.

कोट घालून, बोटं कापलेले हातमोजे घालून चौघी आपापल्या जुन्या टेबलांशी बसल्या होत्या. विभागाची प्रमुख अर्डिथ क्लाइन खिडकीपाशी. मधोमध पाँच्कीचं खोकं उघडं होतं.

"आली गं बाई, दार न धरणारी," एक म्हणाली.

"ही आत कशी आली? हिला कुणी दार धरलं?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. दचकलं कुणीच नव्हतं. त्या तिची वाटच बघत असाव्यात.

"अर्डिथ," आयोना म्हणाली, "तुमचे पास रद्द झालेत."

"झालेत की."

"मग आत येता कशा?"

"पायांनी. सव्वानऊला गर्दी असते. मी जरा पाय ओढत चालते. पोरं दार धरून उभी राहतात, गुड मॉर्निंग म्हणतात. आता एवढी आदबशीर पोरं, त्यांना काय सांगू, माझ्या तोंडावर लाव म्हणून?"

"आणि काम? पगार कोण देतं तुम्हाला?"

"कोण देणार? घरी बसून कोडी सोडवायची ती इथे सोडवतो." अर्डिथने चष्मा कपाळावर सरकवला. "हे बघ, ती नवी प्रणाली वाईट नाहीये. बऱ्याच मागण्या ती चोख करते. पण जे कळत नाही ते ती बाजूला टाकते आणि विसरते. तिकडे कुणीतरी पोरगं बर्फात बंद पडलेल्या जनित्राशेजारी बसलेलं असतं. आम्हालाही सगळं येतं असं नाही हां. अर्ध्या वेळा अंदाजच असतो. पण आम्ही निदान विसरत नाही."

"सरकारला फुकट काम घेता येत नाही, अर्डिथ. कायदा आहे. तुम्हाला माहीत आहे."

"आम्ही सरकारला कुठे देतोय? त्या पोरांना देतोय."

"कायद्याला तो फरक कळत नाही."

"तुला कळतो का?"

आयोनाने विचारलं, "आणि मोझेलचं नाव का वापरता?"

"आमचे पासवर्ड सप्टेंबरात बंद केले. तिचा राहिला. ती पॅकेज घेऊन गेली नाही ना, नुसतीच गेली. तिचा कागद कुणी भरलाच नाही. सगळी उत्तरं तिच्याच नावाने जातात."

"आणि फोन? ते तिच्या नावाने कोण करतं?"

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. "फोन नाहीयेत, आयोना," अर्डिथ म्हणाली. "सप्टेंबरातच काढून नेले. बघ ना." भिंतीवर नुसत्या वायरी लोंबत होत्या.

दाराजवळचं पाचवं टेबल रिकामं होतं. त्यावर खोकल्याच्या गोळ्यांचा डबा, एक अर्धी खाल्लेली पाँच्की. आयोनाला बसावंसं वाटलं. तिने आधाराला खुर्चीच्या बैठकीवर हात टेकला आणि पटकन मागे घेतला. बैठक गरम होती. माणूस नुकताच उठून गेल्यावर असते तशी.

"तिथे नको बसूस," अर्डिथ सहज म्हणाली. "मोझेल कॉफीला गेलीये. येईल आता."

"मोझेल वारली, अर्डिथ."

"मला सांगतेस? पेटीत ठेवायच्या आधी केस मीच विंचरलेत तिचे."

"मग आत कशी येते ती?"

अर्डिथ पुन्हा पडद्याकडे वळली होती. "कुणीतरी दार धरत असेल," ती म्हणाली.

आयोना परत वर आली तेव्हा तिच्या तळव्यात अजून ती ऊब होती. तिने हात थंड पाण्याखाली धरला. ऊब गेली, पण थोडी राहिल्यासारखी वाटत राहिली.

संध्याकाळी ती लाइलच्या खोलीत गेली. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला काहीही माहीत नाही. मी त्या विंगमध्ये एकदाही गेलेलो नाही."

"म्हणूनच गेला नाहीस."

लाइल खुर्चीत खचला. "दारावर त्यांना बघितलंय. अर्डिथला. हातात पिशवी, पाय ओढत येत होती. मी काय करायचं होतं? धरलं दार. तूच एक आहेस जी नसतीस धरत. आयोना, पैसे वाचले ना? एक डॉलर तरी खोटा आहे का त्यात?"

"पैसे वाचले. बचत खोटी आहे. काम बंद झालेलं नाही, फक्त पगार बंद झालाय."

"हे लिहिलंस तर ओहायोवाले आपल्याला खातील. गाव संपेल. त्या चौघींवर खटला होऊ शकतो. माझं पेन्शन जाईल. आणि तू आता दीड महिन्याने घरी. तुला काय फरक पडतो?"

"सही माझी असते, तोच पडतो," ती म्हणाली.

ती निघाली तेव्हा लाइल मागून म्हणाला, "त्या एका सकाळी मी दार धरलं ना, तेव्हा अर्डिथच्या मागून अजून कुणीतरी आलं. खोकत. मी वर बघितलं नाही. नुसतं 'सावकाश' म्हणालो." तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. "आता वाटतं, बघायला हवं होतं."

अहवाल लिहायला तिने बरेच दिवस घेतले. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत होती. बचत सिद्ध होत नाही, हे लिहिताना हात अडखळला नाही. विभाग बंद झाल्यावरही काम चालू आहे, विनावेतन चालू आहे, हेही लिहिलं. त्या बायकांनी स्वतःसाठी एक पैशाचाही फायदा घेतलेला नाही, हे तिने दोनदा लिहिलं, नियमात एकदाच पुरेसं असताना. मग एक जागा आली. काम करताना आढळलेल्या व्यक्तींची संख्या.

गरम खुर्ची तिने पाहिली होती. निदान हाताने पाहिली होती. सार्जंटने आवाज ऐकला होता, लाइलने खोकला. दुसऱ्या कुठल्याही तपासणीत एवढं तिला पुरलं असतं. ती बराच वेळ बसली. बाहेर पन्हळीतून वितळलेलं बर्फ ठिबकत होतं. शेवटी तिने चार असं लिहिलं आणि सही केली. पाहिलेलं गाळण्याची तिची ती पहिलीच वेळ. कुणालाही कळणार नव्हतं. वेड लागलं म्हणाले असते, आणि मग बाकीच्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता. तिने स्वतःला हे सांगितलं, आणि ते बरोबरही होतं. तरी पेन खाली ठेवताना तिला वाटलं की कुणीतरी खोकलं.

पुढचं सगळं सरकारी रीतीने झालं. विंगला नवी कुलपं बसली. चौघींना कडक भाषेतलं एक पत्र गेलं, खटला झाला नाही. लाइलने मुदतीआधी निवृत्ती घेतली, पेन्शन थोडं कापलं गेलं. ओहायोचा निर्णय टांगणीवर राहिला. प्रत्येक दारावर सूचना लागली, की कुणासाठीही दार धरू नये. पहिले काही दिवस लोकांनी ती पाळली. काचेपलीकडच्या माणसाकडे बघत, तोंडाने सॉरी सॉरी म्हणत दारं लावून घेतली. माणसं चेहरे लपवून जिने चढत. आयोनाकडे मात्र कुणी बघेना.

दुकानात भाजी घेताना तिला अर्डिथ भेटली. आयोनाला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. अर्डिथने ढकलगाडी तिच्या शेजारी आणून लावली.

"वाचलं पत्र. चारच लिहिलंस."

"चारच होतात तुम्ही."

"बरं." अर्डिथने एक कांदा उचलून दाबून बघितला. "मला राग नाही हां. तू तुझं काम केलंस. पण मोझेलला गाळलेलं आवडत नाही. पार्टीला बोलावलं नाही तर महिनाभर बोलायची नाही ती."

"अर्डिथ, विंगला कुलूप आहे आता."

"हो गं. आम्हाला आहे."

मार्चच्या शेवटच्या दिवशी केक कापला. आयोनाने पास जमा केला, टेबल पुसलं. निघता निघता फोन वाजला. अलास्काहून सार्जंट केकोआ होता.

"मॅडम, मोझेलबाईंना निरोप द्याल? दुसरा भागही मिळाला. थँक्यू म्हणावं."

आयोना उभीच होती. "कधी मिळाला?"

"काल. परवा बोलल्या त्या. फार दमल्यात बिचाऱ्या. सगळं एकटीवर पडलंय म्हणत होत्या. पण आता मदतीला एक जण येतेय ना? तुमच्यातलीच कुणीतरी. काम एकदम चोख आहे तिचं, म्हणाल्या. फक्त जरा फटकळ आहे."

एप्रिल लागला. आयोनाच्या हाताला काही काम नव्हतं. ती सकाळी त्याच वेळी उठे, कोट घाले, मग काढून ठेवी. नदीनने रविवारी फोनवर विमानाचे दर सांगितले. आयोना म्हणाली, "बघू." छातीत अधूनमधून एक कळ येई आणि जाई. गुडघा जिने आठवून दुखे. रात्री जेवण झाल्यावर ती टीव्हीसमोर आरामखुर्चीत बसे, आणि त्या चारच्या आकड्याचा विचार करी. एका आडव्या रेघेने तो पाच झाला असता असं नाही. पुसूनच लिहावा लागला असता. एवढाच विचार. फार मोठा नव्हता, पण संपत नव्हता.

एका बुधवारी ती तशीच खुर्चीत झोपली. जाग आली तेव्हा उजाडलं होतं. टीव्ही चालूच होता. तिने उठून कोट घातला. दाराकडे चालताना लक्षात आलं की गुडघा दुखत नाहीये, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला. आज रविवार नव्हता, पण वाजण्याची पद्धत नदीनची होती. आयोनाने तो वाजू दिला. टेबलावर रात्रीच्या गोळ्या तशाच होत्या. बाहेर पडताना तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून वाटलं की आरामखुर्चीत कुणीतरी मान कलती करून बसलंय. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर लिहावं लागलं असतं.

गाडी आठवत नव्हती, रस्ता आठवत नव्हता. गारांचा बारीक पाऊस होता आणि ती पार्किंगमधून पश्चिमेच्या दाराकडे चालत होती. बंद विंगच्या टोकाच्या खिडकीत दिवा होता. जमा केलेला पास तिच्या गळ्यात होता. तिने तो यंत्रासमोर धरला. लाल दिवा. पुन्हा धरला. लाल.

पुढे एक नवी मुलगी होती, हिशेब खात्यात नुकतीच लागलेली. तिचा पास चालला. दारावरची सूचना पावसाने भिजून लोंबत होती. मुलीने आत पाय टाकला आणि, गावातलीच ती, मागे वळून बघितलं. नीट दिसलं नसावं, गारा डोळ्यांत येत होत्या. कुणीतरी म्हातारी बाई, कोट घातलेली. दार लावून घ्यायचं की नाही, या विचारात तिचा हात हँडलवर थांबला.

आयोना दोन पावलं पुढे झाली. कॉरिडॉरमधून हीटर नसलेल्या हवेचा वास आला, आणि दूर आत कुणीतरी खोकलं, ओळखीचं. आयुष्यभर जे तिने कुणासाठी केलं नव्हतं ते मागताना तिला थोडं अवघडल्यासारखं झालं. पण मुलगी चांगल्या घरची वाटत होती.

"पास चालत नाहीये गं माझा," ती म्हणाली. "जरा दार धरतेस?"